जुना डिशवॉशर: घासतो कसा, वाळवतो कसा

पुण्याला किंवा परदेशी निघालेल्या कुणाचं तरी घर आवरताना एक जुना डिशवॉशर निघतो आणि 'तुम्ही घेता का?' असं विचारत तो कोल्हापुरातल्या चार घरांत फिरतो. 'दहा-बारा वर्षांचा आहे, पण चालतो' एवढीच माहिती सोबत येते. चालतो म्हणजे नेमकं काय करतो, हे फारसं कुणी विचारत नाही. पाणी घेतलं, तासभर आवाज केला आणि पाणी सोडलं म्हणजे भांडी निघाली असं होत नाही.

घासणं आणि वाळवणं ही या यंत्राची दोन स्वतंत्र कामं आहेत. ती वेगवेगळ्या कारणांनी बिघडतात, म्हणून जुन्या मशीनची परीक्षाही दोन्हींत वेगवेगळी घ्यायला हवी. एकाच मशीनमधून भांडी लखलखीत पण ओलीचिंब निघू शकतात, आणि दुसऱ्यातून कोरडी खडखडीत पण भाताचं शीत तसंच चिकटलेली.

आधी घासण्याचं बघू. हेन्केल या जर्मन कंपनीतले रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ साली धुण्याच्या कामाची एक साधी मांडणी केली, ती आजही याच क्षेत्रात वापरतात. कुठलीही गोष्ट स्वच्छ व्हायला चार गोष्टी लागतात: रसायन, उष्णता, रगड आणि वेळ. एक कमी केली की बाकीच्यांतली एखादी वाढवावी लागते. मोरीत भांडी घासताना पाणी गार असतं आणि वेळ कमी असतो, पण घासणीची रगड भरपूर असते. डिशवॉशरमध्ये घासणी नसतेच. खाली आणि वर बसवलेल्या, गोल फिरणाऱ्या पंख्यांच्या बारीक भोकांतून येणारा पाण्याचा मारा हीच तिथली रगड, आणि ती हाताच्या मानाने सौम्य असते. म्हणून उरलेल्या तिघांवर भार पडतो.

जुन्या आणि नव्या मशीनमधला खरा फरक इथे आहे. जुनी मशीन पाणी आणि उष्णता सढळ हाताने वापरत. १९९४ च्या आधीची अमेरिकी मशीन एका खेपेला १० गॅलनहून जास्त, म्हणजे ३८ लिटरच्या वर पाणी घेत. २०१३ पासून तिथे नेहमीच्या आकाराच्या मशीनला ५ गॅलनची, म्हणजे साधारण १९ लिटरची मर्यादा आली. आज बाजारातली बरीच मशीन ९ ते १२ लिटरमध्ये काम उरकतात. पाणी कमी झालं, तापमान उतरलं, मग चारांपैकी उरला वेळ. नव्या मशीनचा इको प्रोग्रॅम तीन-साडेतीन तास चालतो तो यामुळेच. 'इतका वेळ म्हणजे वीज किती खात असेल' ही शंका मी नेहमी ऐकतो, पण वीज मुख्यतः पाणी तापवण्यात जाते. एक लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर न्यायला जवळपास ०.०५ युनिट लागतं. जुन्या मशीनने मुख्य धुण्याला आणि शेवटच्या विसळणीला दहा-दहा लिटर तापवलं, तर नुसत्या पाण्यातच एक युनिट गेलं. साडेतीन-साडेतीन लिटर तापवणाऱ्याचं काम त्याच्या तिसऱ्या हिश्शात होतं.

आता हे आपल्या स्वयंपाकघरात आणू. मटणाची चरबी साधारण ४५ ते ५० अंशांना वितळते. तांबड्या रश्श्याचं पातेलं रात्री तसंच ठेवलं की सकाळी कडेला पांढरट थर धरतो तो हाच. ४० अंशांच्या झटपट प्रोग्रॅमला हा थर दाद देत नाही. उलट काही चरबी सुटते, पाण्याबरोबर फिरते आणि शेवटी पेल्यांवर बुळबुळीत होऊन बसते. ६५-७० अंशांवर धुणारं जुनं मशीन अशा भांड्यांना फार छान काढतं, आणि मटणाच्या जेवणानंतर मी तरी नव्या मशीनच्या इकोपेक्षा जुन्याच्या गरम प्रोग्रॅमवर जास्त भरवसा ठेवीन.

भाताचं गणित उलटं आहे. कुकरच्या डब्याला वाळून बसलेला भात, पिठल्याची खरवड, भाकरीच्या पिठाची परात हा सगळा स्टार्च. तो नुसत्या उष्णतेने सुटत नाही, त्याला एन्झाइम लागतात. आजच्या पावडरीत आणि टिकियांत स्टार्च तोडणारं अमायलेज आणि प्रथिनं तोडणारं प्रोटिएज असतं, आणि त्यांना ४० ते ५५-६० अंशांच्या टापूत निवांत वेळ मिळाला की ती उत्तम काम करतात. जुनं मशीन पाणी भराभर ७० वर नेतं. एन्झाइमचं काम मार्गी लागायच्या आतच ती निकामी होतात.

म्हणजे जुनं मशीन आणि नवी पावडर यांचं मुळातच नीट जुळत नाही. जुनी मशीन ज्या काळात बनली, तेव्हाची पावडर वेगळी होती: जास्त क्षारधर्मी, बरेचदा क्लोरीन असलेली आणि फॉस्फेटने भरलेली. फॉस्फेट पाणी मऊ करत आणि सुटलेली घाण पुन्हा भांड्यावर बसू देत नसत. पण तेच सांडपाण्यातून नद्या-तळ्यांत गेलं की शेवाळं माजतं. म्हणून अमेरिकेतल्या १६ राज्यांनी २०१० मध्ये आणि युरोपीय संघाने २०१७ पासून डिशवॉशरच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर कडक मर्यादा घातली. रंकाळ्यातली आणि पंचगंगेतली जलपर्णी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पटवून द्यायची गरज नाही. मी या बदलाच्या पूर्ण बाजूने आहे. पण त्यानंतर कितीतरी जुन्या मशीनना 'हल्ली नीट घासत नाही' असं नाव ठेवलं गेलं, आणि मशीनमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं.

यावर उपाय आहे. जुन्या मशीनमध्ये टिकियेपेक्षा सुटी पावडर वापरा. जुनं मशीन एका भरणीला जास्त पाणी घेतं, त्यामुळे त्याच टिकियेचं द्रावण पातळ होतं. पावडर मापाने वाढवता येते, आणि दाराच्या आतल्या बाजूला चमचाभर टाकली तर पहिल्या विसळणीतही उपयोगी पडते. भाताची, दुधाची भांडी जास्त असतील तर ५०-५५ अंशांचा लांब प्रोग्रॅम लावा आणि ७० अंश चरबीच्या भांड्यांसाठी राखून ठेवा.

पाण्याचा विषय कोल्हापुरात वेगळाच आहे, कारण एकाच शहरात दोन तऱ्हेचं पाणी येतं. महापालिकेचं पाणी नदीचं आणि काळम्मावाडी धरणाचं. उपनगरांत मात्र बऱ्याच सोसायट्यांत बोअरचं पाणी टाकीत मिसळतात. बोअरचं पाणी दगडांच्या फटींतून कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन वर येतं आणि ते जड असतं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानतात आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. डिशवॉशरचं माहितीपुस्तक जडपणाबद्दल बहुधा जर्मन अंशांत बोलतं. त्यातला एक अंश म्हणजे १७.८ मिलिग्रॅम. तेव्हा २०० म्हणजे साधारण ११ अंश आणि ६०० म्हणजे जवळपास ३४.

जड पाण्यासाठी युरोपीय पद्धतीच्या मशीनच्या तळाशी रेझिनच्या बारीक मण्यांचा कप्पा असतो. हे मणी पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतात आणि त्याच्या जागी सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने ते पुन्हा मोकळे करावे लागतात, म्हणून मशीनमध्ये मीठ घालायचं. ते भांड्यांना लागत नाही. जेवणातलं बारीक मीठ मात्र नको, ते गचपून बसतं. डिशवॉशरचं जाडं मीठच घ्यावं. जुन्या मशीनच्या मालकांनी वर्षानुवर्षं हा कप्पा उघडलेलाच नसतो, आणि पेल्यांवर येणारा पांढुरका थर म्हणजे मशीन म्हातारं झाल्याची खूण असं ते समजतात. त्या पेल्यावर लिंबू चोळून बघा. थर गेला तर तो क्षारांचा आहे आणि मिठाने, मशीनमधल्या जडपणाच्या सेटिंगने सुटेल. नाही गेला तर काच कोरली गेली आहे, ती परत येत नाही. तळाशी उघडा हीटर असला आणि त्यावर पांढरं कवच धरलं असलं, तर लक्ष्मीपुरीत कुठल्याही किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत घालून रिकामं मशीन गरम प्रोग्रॅमवर एकदा चालवावं.

पाण्याचा दाबही बघायला हवा. दहा मीटर उंचीच्या पाण्याने एक बार दाब मिळतो. गच्चीवरची टाकी स्वयंपाकघराच्या नळापेक्षा तीन-चार मीटरच वर असेल तर दाब ०.३ ते ०.४ बार. बऱ्याच मशीनना किमान ०.३ ते ०.५ बार लागतो. काही जुनी मशीन पाणी मोजून न घेता ठरावीक वेळ नळ उघडा ठेवतात, आणि दाब कमी असला की अर्धवटच भरतात. मग पंप हवा ओढतो, आतून गुळगुळ असा आवाज येतो आणि वरच्या खणातली भांडी कोरड्या खरकट्यासह निघतात. शहराबाहेरच्या बंगल्यांत विजेच्या दाबाचंही असंच आहे. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर हीटरची ताकद सरळ दोन-तृतीयांशावर येते.

हे सगळं ठीक असूनही मशीन घासत नसेल तर पंखा काढा. आमच्या नात्यातल्या एका घरचं जुनं मशीन 'गेलं' म्हणून पडून होतं. खालचा पंखा फिरकी सोडवून काढला, उजेडाकडे धरला, तर निम्म्या भोकांतून उजेडच येत नव्हता. मोहरी, तीळ आणि कांदा-लसूण चटणीतला बारीक कोंडा आत जाऊन फुगून बसला होता. टाचणीने एकेक भोक मोकळं केलं, पंखा नळाखाली उलटा धरून हलवला, तेव्हा चमचाभर गाळ पडला. पंखा फिरतो तो या भोकांतून सुटणाऱ्या पाण्याच्या उलट्या रेट्यावर, त्याला वेगळी मोटर नसते. भोकं बुजली की मारही कमी आणि फिरणंही कमी. त्याखालची गाळणी तर तीनपदरी असते आणि ती दर आठवड्याला धुवायची वस्तू आहे. काही जुन्या अमेरिकी मशीनमध्ये खरकटं दळून बाहेर टाकणारी पाती असत. त्यांना गाळणीची कटकट नव्हती, पण आवाज भरपूर. आपल्याकडे आलेली बहुतेक मशीन गाळणीवाली आहेत.

वाळवण्याचं काम

इथे जुन्या मशीनचे दोन घराणेच पडतात. अमेरिकी घराण्यात तळाशी उघडा हीटर असतो. धुणं संपलं की तो पुन्हा तापतो, आतली हवा गरम करतो आणि वाफ दारातल्या झरोक्यातून बाहेर जाते. वीज जास्त लागते, खालच्या खणात ठेवलेला प्लॅस्टिकचा डबा वाकतो, पण भांडी वाळतात. युरोपीय घराण्यात वाळवायला वेगळा हीटर चालत नाही. शेवटची विसळणी गरम पाण्याने होते, त्यात भांडी तापतात आणि त्या साठवलेल्या उष्णतेवर आपलं पाणी आपणच उडवतात. वाफ स्टीलच्या भिंतींना लागते, भिंती लवकर गार होतात म्हणून ती तिथे पाणी होऊन खाली ओघळते. काही मशीनमध्ये ही भिंत मुद्दाम गार ठेवायला बाजूच्या कप्प्यात थंड पाणी भरलेलं असतं.

या दुसऱ्या पद्धतीत सगळं अवलंबून असतं भांड्याने किती उष्णता धरली यावर, आणि आपल्या भांड्यांची अडचण इथेच होते. चिनी मातीची सहाशे ग्रॅमची जेवणाची ताटली ६५ अंशांवरून ३५ वर आली तर साधारण १४ किलोज्यूल उष्णता देते, त्यात जवळपास सहा ग्रॅम पाणी उडतं. साठ ग्रॅमची पातळ स्टीलची वाटी तेवढीच गार झाली तर एक किलोज्यूलही मिळत नाही. त्यात उडतं ०.४ ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे सात-आठ थेंब. वाटीच्या बुडाच्या खोलगट कडीत त्याहून जास्त पाणी साठतं. युरोपात उत्तम वाळवणारं मशीन कोल्हापुरात आल्यावर वाट्या ओल्या काढतं, त्यात मशीनचा दोष फार थोडा असतो. वाट्या सरळ पालथ्या न घालता तिरक्या लावल्या की बुडातलं पाणी निथळतं, आणि फरक डोळ्यांना दिसतो. प्लॅस्टिकच्या डब्यांचं वजनही कमी, त्यावर पाणी पसरत नाही, गोळ्या होऊन बसतं. ते कुठल्याही जुन्या मशीनमधून कोरडे निघतील अशी अपेक्षा धरू नका. हळदीने पिवळे झालेले डबेही मशीनमध्ये पांढरे होत नाहीत, कारण हळदीचा रंग तेलात विरघळून प्लॅस्टिकमध्ये शिरतो. त्यांना ऊनच दाखवावं.

जुन्या मशीनची शेवटची विसळणी ६५-७० अंशांची, नव्याच्या इकोची त्याहून बरीच कमी. म्हणून निव्वळ उष्णतेच्या बळावर वाळवण्यात जुनं, धडधाकट मशीन पुष्कळदा नव्याच्या वरचढ ठरतं. नव्या मशीननी ही तूट दुसऱ्या वाटेने भरून काढली: काहींचं दार शेवटी आपोआप उघडतं, काहींत ओल शोषून उष्णता देणारे झिओलाइटचे खडे असतात. ही सोय जुन्यात बसवता येत नाही, पण दार हाताने उघडता येतं. कार्यक्रम संपल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी ते वीतभर उघडावं. आषाढात बाहेर ओलावा मी म्हणत असताना कशाला उघडायचं, असं वाटेल. पण ६० अंशांच्या भांड्यावरच्या पाण्याचा बाष्पदाब २५ अंशांच्या दमट हवेतल्या बाष्पापेक्षा सहापट असतो, त्यामुळे भांडी गरम आहेत तोवर भर पावसाळ्यातही वाळतात. रात्री लावून सकाळी उघडलेल्या बंद मशीनमध्ये मात्र वाफ पुन्हा भांड्यांवरच बसते. उघडताना वरच्या ओट्याच्या प्लायला वाफ लागणार नाही एवढं बघा.

रिन्स एड नावाचं द्रव अनेकजण चैनीची वस्तू समजून वगळतात. ते पाण्याचा पृष्ठताण कमी करतं, त्यामुळे पाणी थेंबाथेंबाने न राहता पातळ पापुद्र्यासारखं ओघळून जातं. वर सांगितलेली वाटीची सात-आठ थेंबांची ऐपत त्यामुळेच पुरी पडते. वाळवण्यासाठी एकच खर्च करायचा असेल तर तो याच्यावर करा.

तुलना करायची कशी

काही जुन्या युरोपीय मशीनच्या कागदपत्रांत तीन इंग्रजी अक्षरं एका ओळीत दिसतात. १९९७ च्या युरोपीय नियमाप्रमाणे वीज, धुणं आणि वाळवणं यांना वेगवेगळी श्रेणी असे, ए ते जी. पुढे धुण्यात ए श्रेणी सक्तीचीच झाल्यावर २०१० च्या नियमाने ती लेबलवरून गेली, आणि मार्च २०२१ पासूनच्या नव्या लेबलवर वाळवण्याचीही श्रेणी नाही. म्हणजे वाळवणं किती चांगलं, हे जुन्याच लेबलवर जास्त स्पष्ट कळतं. ही श्रेणी प्रयोगशाळेतली. तिथे दूध, चहा, खिमा, अंडं, ओट, पालक आणि मार्गारीन भांड्यांना लावून वाळवतात, शेजारी एक प्रमाण मशीन चालवतात आणि प्रत्येक भांड्याला धुण्याचे ० ते ५ व वाळवण्याचे ० ते २ गुण देतात. पूर्ण कोरडं असेल तर दोन, एखाद-दुसरा थेंब असेल तर एक, त्याहून जास्त असेल तर शून्य.

घरी एवढा थाट नको, पण हीच शिस्त पाळता येते. आधी गाळणी आणि पंखे साफ करा, मीठ आणि रिन्स एड भरा, मगच परीक्षा, नाहीतर मशीनची नव्हे तर आधीच्या मालकाच्या सवयींची परीक्षा होते. काही वाट्यांना कुस्करलेला भात, काहींना दूध, काहींना अंड्याचा बलक, एका पातेल्याला रश्श्याची तर्री लावून दोन तास वाळू द्या. निम्म्या वाट्या वर, निम्म्या खाली. पावडर मोजून, प्रोग्रॅम ६५ अंशांचा. संपल्यावर अर्धा तास दार बंद ठेवून उघडा. पहिल्यांदा थेंब मोजा, नंतर बोट फिरवून खरखर आहे का बघा. हा क्रम उलटा केला तर हाताळण्यात थेंब पुसले जातात. दुसऱ्या मशीनशी तुलना असेल तर वाट्या, पावडर आणि पाणी तेच हवं.

वरच्या वाट्या मळक्या आणि खालच्या स्वच्छ असतील तर दाब, वरचा पंखा किंवा पंपाची ताकद बघायची. सगळीकडे चिकट असेल तर पाणी तापत नाही. सगळं स्वच्छ पण ओलं असेल तर रिन्स एड, आणि ते असूनही ओलं असेल तर शेवटची विसळणी गरम होते का ते बघा. दार उघडताच वाफेचा झोत आला नाही आणि ताटली हाताला कोमट लागली, तर हीटर किंवा थर्मोस्टॅट गेलेला असण्याची शक्यता दाट. घासण्यातले दोष बहुतेक वेळा टाचणी, मीठ आणि पावडर यांवर निघतात. वाळवण्यातला दोष सुट्या भागावर येतो. म्हणून पैसे देण्याआधी दाराच्या कडेवरचा मॉडेल नंबर उतरवून घ्या, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा आणि हीटर, दाराचं रबर आणि पंप हे तीन भाग अजून मिळतात का ते विचारा. रबर मिळत नसेल तर मशीन कितीही चांगलं घासत असलं तरी घेऊ नका. खालून झिरपलेलं पाणी ओट्याखालच्या प्लायमध्ये मुरतं आणि ते कळेपर्यंत पट्ट्या फुगलेल्या असतात.